कस्तुराक्कांचे चाचे

समुद्री चाच्यांविषयी मला आज जे काही कळतं, ते कस्तुराक्कांनी शिकवलं. मी मराठी शाळेत एकोणीस वर्षं इतिहास शिकवतोय आणि आक्का सातवीच्या वर्गातून थेट बोहल्यावर चढलेल्या होत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझी जी फजिती होणार आहे तिचं वाचकांना फार आश्चर्य वाटणार नाही.

आक्का आमच्या समोरच्या खोलीत राहायच्या. सुरतेच्या लिंबायत भागात समोरची खोली म्हणजे आमच्या दारात उभं राहून त्यांच्या तुळशीला पाणी घालता येईल इतकी समोर. उंच, काटक बाई. डोक्यावर पदर, आणि चष्म्याची एक काडी तुटलेली म्हणून तिच्या जागी साडीच्या लेसचा तुकडा कानामागे बांधलेला. केसांत कायम लाल, हिरवे, सोनेरी धाग्यांचे बारीक तुकडे अडकलेले असत. सकाळी मिसरी लावता लावता त्या गल्लीकडे अशा बघायच्या, की दूधवाल्यालाही आपण उशिरा आलो की काय असं वाटायचं. मला तर नेहमीच वाटायचं.

त्यांचं काम धागाकटिंगचं. मशीनवर भरतकाम झालं की साडीच्या उलट्या बाजूला एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत धागे लोंबत राहतात. ते छोट्या कातरीने एकेक करून कापायचे. सुरतेची साडी जगभर मिरवते ती सुलट्या बाजूने. तिची उलटी बाजू आमच्या गल्लीतल्या बायकांनी साफ केलेली असते. मार्केटमधल्या जयंतीशेठकडून साड्यांची पोटली आधी आक्कांचे यजमान सायकलवरून आणायचे आणि गल्लीत वाटायचे. ते आजारपणात गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता काम बंद. चौदावं झालं आणि दुसऱ्या दिवशी आक्का स्वतः मार्केटात गेल्या आणि पोटलं डोक्यावर घेऊन आल्या. तेव्हापासून गल्लीच्या टोकाला गणपतीसाठी जो पत्र्याचा मांडव आहे, त्यात अठरा जणी रोज त्यांच्याभोवती बसायला लागल्या. गणपतीच्या दहा दिवसांत तेवढ्या बाहेर पडायच्या.

आता चाचे त्या मांडवात कसे शिरले ते सांगतो. एका दुपारी आक्का दारात आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, एखादं जाड पुस्तक शे का? पोरी काम करतस आनं मोबाईलमा डोकं खुपसतस. मंग धागा ऱ्ही जास. माले वाची दाखाडनं शे."

मी मूळचा अमळनेरकडचा. माझ्या घरात आई मरेपर्यंत अहिराणीच बोलली. पण डी.एड. झाल्यापासून मी शुद्ध बोलतो आणि कोणी अहिराणीत बोललं की चेहरा जरा न कळल्यासारखा करतो. तसा चेहरा करून मी कपाटापाशी गेलो. चांगली पुस्तकं द्यायचं जिवावर आलं होतं. म्हणून रविवारच्या गुजरीतून, म्हणजे जुन्या बाजारातून आणलेलं, मुखपृष्ठ नसलेलं, शेवटची पानं फाटलेलं एक जाडजूड पुस्तक दिलं. जगातल्या चाच्यांविषयीचं होतं. ते देताना मला काहीच वाटलं नाही, कारण मी ते वाचलेलं नव्हतं.

आठ दिवसांनी आक्का पुस्तक घेऊन परत आल्या. "हाई पुस्तक तुम्ही वाचेल शे ना, गुरुजी?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो. इतिहासाच्या शिक्षकाने दुसरं काय म्हणायचं असतं?

"मंग माले सांगा, यामातलं खरं कोनतं आनं खोटं कोनतं?"

त्या पुस्तकात इतिहासातले चाचे आणि गोष्टींमधले चाचे एकाच पंगतीला बसवले होते. दाढीत पेटत्या वाती खोचून लढाईला जाणारा एक होता. एक पाय लाकडाचा आणि खांद्यावर पोपट असलेला एक होता. पुरुषांचे कपडे घालून जहाजावर लढणाऱ्या दोघी बायका होत्या. ज्याला इंग्रज चाचा म्हणत आणि आपण आरमाराचा प्रमुख म्हणतो, तो कोकणातला आपला माणूसही होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "सगळंच खरं आहे. छापलंय ना."

आक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने त्यांनी नंतरही माझ्याकडे पुष्कळदा पाहिलं आहे.

त्यांची खऱ्याखोट्याची परीक्षा वेगळीच होती. त्या घरातल्या कामाला लावून बघायच्या. पोपट त्यांनी पहिल्याच दिवशी उडवून लावला. "जहाजवर धान्य ऱ्हाई, मंग उंदरं ऱ्हातीन. पोपट काय कामना? मांजर पाहिजे." कैद्यांना फळीवरून चालवत समुद्रात पाडण्याचं मी वर्गात फार रंगवून सांगत असे, ते त्यांना मुळीच पटलं नाही. "मारनंच शे तं ढकली देतीन. फळी कसाले ठोकतीन? लाकूड काय फुकटनं शे?" बेटावर पुरलेल्या खजिन्याला तर सगळा मांडव हसला. "जेनं पोट हातवर शे, तो मानूस कमाई मातीमा पुरस का, गुरुजी? तो खाई टाकी." वातीवाल्याबद्दल मात्र त्या बराच वेळ विचार करत होत्या. "तेनी दाढी जयनी नही का?" एवढंच त्यांनी विचारलं आणि मी म्हणालो, "त्याची युक्ती असणार." शेवटी आक्कांनीच तो खरा ठरवला. असा शहाणपणा सोडून वागणारा माणूस कोणी बसून रचणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मी घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "अडाणी बायका. इतिहासाला काही पुरावा लागतो हे यांना कोण सांगणार?" ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तुम्ही कोणता पुरावा दिलात?" मी पेपर उघडला.

आक्का गोष्ट वाचायच्या नाहीत. रात्री पानं वाचून ठेवायच्या आणि दिवसा सांगायच्या, हातातलं काम न थांबवता. त्यांचे चाचे अहिराणी बोलायचे. वादळात सापडलेला कप्तान "ओ माय वं!" म्हणून ओरडायचा, आणि जहाजावर कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा असायचा. पण गोष्ट ऐन रंगात आली, तोफेला बत्ती लागणार, एवढ्यात त्या कुणाच्या तरी मांडीवरची साडी ओढून उजेडात धरायच्या. एक धागा राहिलेला दिसला की जहाज तिथेच. तोफ तशीच. तो धागा कापला जाऊन साडी पुन्हा हातात येईपर्यंत अठरा जणी श्वास धरून बसायच्या, आणि ज्या बाईची चूक असेल तिच्याकडे बाकीच्या सतरा जणी ज्या नजरेने बघायच्या, ती नजर मी शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या तोंडावरही पाहिलेली नाही. आमच्या गल्लीतल्या साड्यांची उलटी बाजू सुलट्या बाजूसारखी दिसते, अशी मार्केटात ख्याती झाली ती यामुळे.

त्या पुस्तकातली एक गोष्ट मात्र आक्कांच्या डोक्यात घर करून बसली. चाचे आपला कप्तान स्वतः निवडत, आणि पटला नाही तर हात वर करून काढूनही टाकत. कप्तानाने सगळ्यांसारखंच जेवायचं. जहाजावर भांडायचं नाही. भांडण असेल तर किनाऱ्याला उतरून मिटवायचं. लढाईत ज्याचा हात किंवा पाय जाईल, त्याची सोय बाकीच्यांनी करायची. मला वाटलं होतं की बायकांना मारामाऱ्या आवडतील. आक्कांनी मारामाऱ्यांची पानं भराभर उलटली आणि हे नियम मात्र कोळशाने मांडवाच्या पत्र्यावर लिहून काढले.

आणि पाळलेही. भांडण झालं की दोघींनी कामावरून उठायचं आणि नळाच्या कट्ट्यावर जायचं, तो किनारा. तिथे मिटलं की परत यायचं. मी एकदा दोघींना तिथे अर्धा तास एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या पाहिल्या. शेवटी एकीला हसू आलं. कुणाच्या बोटाला कातर लागली, कुणी बाळंत झाली, तर तिच्या वाटणीच्या साड्या बाकीच्यांनी आपसांत वाटून काढायच्या. काही ठरवायचं असलं की मतदान. हातातली कातर वर करायची. एकदा बायकांनी आक्कांनाच कप्तानपदावरून काढलं, कारण त्यांनी भाऊबीजेलाही काम लावलं होतं. आक्का मुकाट्याने मागच्या ओळीत जाऊन बसल्या. चार दिवसांनी त्यांना परत निवडलं. आमच्या शाळेच्या शिक्षक संघटनेत निवडणूक कशी होते ते मला माहीत आहे, म्हणून मी यावर काही बोललो नाही.

मग एकदा मला शेखी मिरवायची हुक्की आली. पुस्तकात होतं की तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी एका इंग्रज चाच्याने मक्केहून परत सुरतेला येणारं बादशहाचं जहाज लुटलं, आपल्या सुरतेच्या वाटेवर, आणि तो कधी कुणाला सापडलाच नाही. मी मांडवात जाऊन म्हणालो, "चला, तुम्हांला ती जागाच दाखवतो." रविवार होता. पाच रिक्षा करून सगळा मांडव डुमसला नेला. वाटेत मी बादशहा, हज, इंग्रजांची वखार, सगळं असं काही सांगत सुटलो, की रिक्षावाल्याने एकदा चुकीचं वळण घेतलं. आम्ही किनाऱ्यावर उतरलो तर समोर समुद्र नव्हता. ओहोटी होती. जिकडे बघावं तिकडे काळा चिखल, आणि पार टोकाला कुठेतरी एक चकाकती रेघ.

"गुरुजी, समुद्र कठे गया?" आक्कांनी विचारलं.

"ओहोटी आहे," मी म्हणालो. "जहाज लुटलं ते फार लांब. खोल समुद्रात."

"मंग आठे काय शे?"

मी इकडेतिकडे पाहिलं. तिथे भजीची गाडी होती. सगळ्या जणी भजी खायला गेल्या. आक्का मात्र चपला हातात घेऊन त्या चिखलातून चालत सुटल्या. मी दोनदा हाका मारल्या. आक्का त्या चकाकत्या रेघेच्या दिशेने चालत राहिल्या, घोटाभर गाळात, बऱ्याच लांब, आणि तिथे थांबून उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा पोटऱ्यांपर्यंत काळ्या झाल्या होत्या. मी विचारलं, "काय दिसलं?" त्या म्हणाल्या, "बठ्ठं." म्हणजे सगळं. नंतर पुष्कळदा म्हणायच्या, हातपाय थकले की समुद्र दिसेल अशा जागी खोली घेईन. बायका हसायच्या आणि त्याही हसायच्या.

पुस्तक संपत आलं तेव्हा शेवटचा चाचा आला, आणि तो बाई निघाली. चीनच्या समुद्रातली. नवरा चाच्यांचा सरदार. तो मेला, आणि त्याची शेकडो जहाजं हिने सांभाळली, वाढवली. राजाचं आरमारही तिला भ्यायचं. शेवटी सुभेदाराने निरोप पाठवला की शरण या. इथे पान संपलं. पुढची पानं फाटलेली.

आक्का माझ्याकडे आल्या. मी वह्या तपासत होतो. "गुरुजी, मंग तिनं काय व्हयनं?"

मला माहीत नव्हतं. माहीत नाही हे दोन शब्द शिक्षकाला कोणत्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. मी लाल पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, "पकडली तिला. फाशी दिली. गुन्हेगाराचा शेवट असाच होतो."

आक्का तिथेच उभ्या राहिल्या. "नही, गुरुजी. धनी मरना तव्हय ती रडत बठनी नही. इतला मानसं सांभाळात तिनी. आनं आते फाशी जाई का?"

"इतिहास आहे, आक्का. आपल्या मनासारखा नसतो."

दुसऱ्या दिवशी मांडवात तिच्या शेवटाचं मतदान झालं. मी मुद्दाम बघायला गेलो. तान्हं मूल असलेली मंगला म्हणाली, "आक्का, ती पोरंसोरं लिसन गयी व्हई, हत्यारबित्यार काहीच नही. पोरं दखीसन कोन बंदूक चालावस?" दुसरी म्हणाली, सुभेदाराच्या कचेरीत जाऊन नुसती बसली असेल, उठलीच नसेल. तिसरी म्हणाली, आणि म्हातारी होऊन आपल्या अंथरुणावर मेली असेल. अठरा कातरी वर गेल्या. मीही विरोधात हात वर केला. आक्का म्हणाल्या, "तुमना हातमा कातर नही, गुरुजी." माझं मत बाद झालं.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "आता इतिहासावर मतदान घेतात! उद्या पानिपतावर घेतील."

त्यानंतर महिन्याभरात जयंतीशेठचा निरोप आला. कोसाडला गोडाऊन घेतलंय, आता सगळं धागाकटिंग तिथेच एका जागी होईल. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, गल्लीत पोटली येणार नाहीत. कोसाड म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, नदीपलीकडे. दोन रिक्षा बदलायच्या, जायला तास आणि यायला तास. सासूबाई अंथरुणाला, पोरं शाळेतून बाराला येणार, पाणी अकराला येणार, अशा बायकांनी कोसाडला जायचं कसं? सोळा जणी तरी जाऊ शकणार नव्हत्या. आक्कांनी जे इतकी वर्षं बांधून धरलं होतं ते एका निरोपात सुटणार होतं. त्या संध्याकाळी मांडवात गोष्ट झाली नाही.

मी पुढे झालो. सुशिक्षित माणूस अशा वेळी पुढे होतो. मी गुजरातीत एक अर्ज लिहिला. तीनदा लिहिला. त्यात "सविनय" हा शब्द चार वेळा होता. आक्कांना म्हणालो, "मी शेठशी बोलतो. तुम्ही फक्त मागे उभ्या राहा." त्या म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत रजा टाकली, आणि अठरा बायका आणि अकरा पोरं मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावर, शेठच्या पेढीवर गेली. पांढरी गादी अंथरलेली, तक्के टेकून बाहेरगावचे दोन व्यापारी साड्या बघत बसलेले. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. बायका चपला काढून आत शिरल्या, भिंतीच्या कडेने बसल्या, प्रत्येकीने पिशवीतून साडी आणि कातर काढली आणि काम सुरू केलं. मी खिशातला अर्ज काढून पुढे पाऊल टाकलं, एवढ्यात मंगलाने तिचं मूल माझ्या हातात दिलं. तिला साडी पसरायला दोन्ही हात लागत होते. मुलाने प्रथम माझा चष्मा धरला, मग अर्ज धरला, आणि मग जे करायचं ते अर्जावर केलं.

शेठने माझ्याकडे पाहिलं. "ये भाई कौन?"

"हमारे गुरुजी हैं," आक्का म्हणाल्या. "बच्चा सँभालते."

मी दुरुस्ती करणार होतो, पण मूल रडायला लागलं.

व्यापाऱ्यांपैकी एकाने उठून मंगलाच्या मांडीवरची साडी उलटी करून पाहिली, मग सुलटी करून पाहिली. "शेठ, ये माल किधर बनता?" त्याने विचारलं. शेठने घाम पुसला. बारा वाजले, एक वाजला. पोरांनी गादीवर शिदोरी सोडली. शेवटी शेठ म्हणाला, "बेन, क्या चाहिए तुमको?"

"काम गल्लीमेंच आना चाहिए, शेठ. बस."

शेठ बराच वेळ तक्क्यावर बोटं वाजवत राहिला. मग म्हणाला, "ठीक. पोटली आएगी गल्ली में. मगर तुम कोसाड आओगी. वहाँ नई लड़कियाँ हैं, माल बिगाड़ती हैं. तपासने को मुझे तुम्हारी आँख चाहिए. रोज, आठ से सात. तुम नहीं आओगी तो सब बंद."

"आक्का, नको," मंगला म्हणाली. दोघीतिघी अजून म्हणाल्या. सगळ्या आक्कांकडे बघत होत्या, आता मतदान लागेल म्हणून. मंगलाने तर कातर हातात घट्ट धरली होती. पण आक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"येऊँगी, शेठ," त्या म्हणाल्या.

परतीच्या रिक्षात मी, ओल्या सदऱ्यानिशी, म्हणालो, "आक्का, अभिनंदन! जिंकलात!" इतकं मूर्ख वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही, आणि माझ्याकडे निवडायला पुष्कळ आहेत. आक्का बाहेर बघत म्हणाल्या, "सकायपाईन गोष्ट तुम्ही सांगा, गुरुजी. पोरी मोबाईलमा घुसतीन."

शाळा सकाळची असल्यामुळे मी दुपारी मांडवात जायला लागलो. पहिल्या दिवशी बरं चाललं. दुसऱ्या दिवशी मी गोष्टीच्या शेवटी तात्पर्य सांगितलं. तिसऱ्या दिवशी खालील प्रश्नांची उत्तरं द्या म्हणून तीन प्रश्न विचारले, आणि मला बहुमताने काढून टाकण्यात आलं. आता मंगला सांगते. छान सांगते. ऐन तोफेच्या वेळी साडी उजेडात धरते.

आक्का काही महिने रोज आल्यागेल्या. अंधारात जायच्या, अंधारात यायच्या. मग कोसाडच्याच वसाहतीत त्यांनी एक खोली घेतली. तुळस मांडवाच्या दाराशी ठेवून गेल्या. त्यांच्या खोलीत आता नवीन भाडेकरू आहे, तो मला "अंकल" म्हणतो.

वर्षभरापूर्वीची गोष्ट. मी सातवीच्या वर्गात चीनच्या त्या बाईची फाशी नेहमीच्या उत्साहाने सांगून घरी आलो. जेवताना बायको म्हणाली, "हातात मोबाईल आहे. एकदा बघा तरी त्यात." मी रागाने बघितलं. दोन मिनिटं लागली. ती बाई सुभेदाराकडे गेली होती, हत्याराशिवाय, बायकापोरं बरोबर घेऊन. कचेरीत बसून तिने आपल्या माणसांसाठी माफी मागून घेतली होती. फाशी नाही, काही नाही. म्हातारी होऊन अंथरुणावर मेली. मग मी बाकीचंही बघितलं. कैद्यांना चालवायची फळी जवळपास सगळी गोष्टींतली. पुरलेले खजिनेही बहुतेक गोष्टींतलेच. जहाजांवर मांजरं असत. मी भात कालवत तसाच बसून राहिलो. सगळं मांडवात आधीच ठरलेलं होतं. इतक्या वर्षांतल्या माझ्या सातवीच्या सगळ्या वर्गांची माफी मागायला हवी होती, पण त्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत. आक्कांचा होता.

रविवारी कोसाडला गेलो. गोडाऊन रविवारीही चालू असतं. जेवणाच्या सुट्टीत आक्का फाटकापाशी आल्या. डोक्यावर जाळीची टोपी होती. सगळ्यांना घालावी लागते म्हणाल्या, माल खराब होऊ नये म्हणून. त्यामुळे केसांत धागे नव्हते. बारीक झाल्या होत्या. मागे भिंतीवर पाटी होती, बोलण्याची मनाई असल्याची, आणि त्यावर कॅमेरा.

मी सगळं सांगितलं. मी चुकलो होतो, हेही सांगितलं, आणि ते सांगताना लाज वाटली तशी वाटू दिली. आक्कांना काहीच नवल वाटलं नाही. "मी तं सांगेल व्हतं," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "मंग म्हातारपनी ती काय करे?"

"जुगाराचा अड्डा चालवायची म्हणे. एका बंदराच्या गावात."

आक्का इतक्या मोठ्याने हसल्या की वॉचमनने मान वळवली. मग हसू ओसरलं आणि त्या म्हणाल्या, "घर कसं व्हतं तिनं? खिडकीमाईन समुद्र दिसे का तिले?"

मी सगळं बघून आलो होतो. तेवढं बघितलं नव्हतं. थाप मारावी असं फार वाटलं, आणि त्या दिवशी ती त्यांना हवीही असेल, पण माझ्या तोंडून निघेना. "माहीत नाही, आक्का," मी म्हणालो.

आक्कांनी रस्त्याकडे पाहिलं. तिथे टेम्पो उभे होते.

"दिसत व्हई," त्या म्हणाल्या. "नही तं इतला दिन कशी जगती?"

मोठ्या बाईच्या हाताला हात लावायची आपल्याकडे रीत नाही, नाही तर लावला असता. घंटा झाली. आक्कांनी मोबाईल वॉचमनच्या पेटीत टाकला, टोपी नीट केली, आणि जेवून आलेल्या मुलींच्या मागोमाग आत गेल्या. शटर अर्ध्यावर आलं. मी बराच वेळ तिथे उभा होतो. एवढ्या मुली आत बसल्या होत्या, पण बोलण्याचा आवाज नव्हता, नुसता कातरींचा येत होता.